मुलाबाळांसह पाहावे असे जुन्नर-आंबेगाव

सुट्टी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून सहलीची बोलणी सुरू होतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. जुन्नरचे नाव निघाले की मात्र कुणी म्हणतो, "तिथे गणपती आहे आणि शिवनेरी आहे. आपले काय आहे तिथे?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष जाऊनच मिळवावे असे ठरवून आम्ही वस्तीतली पाच-सहा कुटुंबे दोन दिवसांसाठी जुन्नरला गेलो. त्यात म्हातारी माणसे होती, कडेवरची लेकरे होती. जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवतो.

जुन्नर हे पुण्याच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर, कुकडी नदीकाठी वसलेले गाव आहे. पुण्याहून नारायणगावमार्गे एस.टी. मिळते. मुंबई-कल्याणच्या बांधवांना माळशेज घाटाने येता येते. या एका गावाभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. ती बहुतेक सर्व बौद्ध लेणी असून इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतच्या काळातली आहेत. ती थेरवादी काळातली असल्यामुळे येथे बुद्धमूर्ती शोधू नये. येथे वंदनीय आहे तो स्तूप.

लेण्याद्री

जुन्नरपासून सुमारे ५ किलोमीटरवर लेण्याद्रीचा डोंगर आहे. चढायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पायऱ्या बांधीव असल्याने आमच्यातली म्हातारी माणसेही बसत-उठत वर आली. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. माकडांचा उपद्रव फार आहे. हातात खाऊची पिशवी दिसली की ती गेलीच म्हणून समजा.

वर एका ओळीत ३० लेणी आहेत. त्यांतले ७ नंबरचे लेणे सर्वांत मोठे. हा भिक्खूंच्या निवासाचा विहार. एवढे मोठे दालन, पण आत एकही खांब नाही. तिन्ही बाजूंनी भिक्खूंच्या २० खोल्या आहेत. पुढच्या काळात मागच्या भिंतीतील मधल्या भागात गणपतीची स्थापना झाली आणि आज हे स्थान अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज म्हणून प्रसिद्ध आहे. हजारो भाविक येथे येतात, दर्शन घेतात आणि उतरतात. अगदी शेजारच्या ६ नंबरच्या लेण्याकडे फारच थोड्यांचे पाय वळतात. आम्ही गेलो तेव्हा त्या लेण्यात आमच्याशिवाय कुणीही नव्हते.

हे ६ नंबरचे लेणे म्हणजे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांवर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, वर कमानदार छत आणि शेवटी स्तूप. आम्ही सर्वांनी तेथे बसून वंदना घेतली. आवाज छताखाली घुमत राहिला आणि लेकरेही गप्प झाली.

या चैत्यगृहावर ब्राह्मी लिपीत दात्याचे नाव कोरले आहे. कल्याणचा राहणारा, हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. १४ नंबरच्या लेण्यातले चैत्यगृह कपिल उपासकाचा नातू आणि तापस उपासकाचा पुत्र आनंद याने दिले. म्हणजे आजोबा उपासक, बाप उपासक आणि नातवाने चैत्यगृह दिले. धम्म घरात तीन पिढ्या टिकला याची ही दगडावरची नोंद आहे. आपल्यातली किती घरे आज तिसऱ्या पिढीत आहेत, याचा विचार तेथे उभे राहून आपोआप मनात येतो.

दान कुणी दिले?

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली छापून प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही नावे जगाला ठाऊक आहेत, पण आपल्या घरांत ती पोचलेली नाहीत. म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो.

एवढी लेणी एखाद्या राजाने खजिना उघडून कोरवली असतील असे वाटते. प्रत्यक्षात दात्यांमध्ये साधी माणसे भरपूर आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या संघटनेने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. त्या काळी अशा संघटनेला श्रेणी म्हणत. एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी येते. म्हणजे आजच्या भाषेत बुरूड आणि कासार. दानाची रक्कम या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून धम्मकार्य चालवायचे, अशी रीत होती. हाताने काम करणाऱ्या माणसांच्या शब्दावर लोक पैसा ठेवत होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने २० निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाच्या झाडांसाठी आणि ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न वडाच्या झाडांसाठी लावून दिले. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. दुसऱ्या एका लेखात नगरातील भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे. आमच्याबरोबरच्या आयाबहिणींना ही माहिती सर्वांत जास्त आवडली.

दात्यांत परदेशीही आहेत. त्यांना लेखांत यवन म्हटले आहे. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांनाही हेच नाव पडले. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, तर चंद नावाच्या यवनाने दर्शनी भाग कोरवला. समुद्रापलीकडची माणसे येथे येऊन भिक्खूंच्या पाण्याची आणि जेवणाची सोय करत होती.

आपण विहारासाठी वर्गणी देतो आणि पावती जपून ठेवतो. हे शिलालेख त्या दात्यांच्या पावत्याच होत.

तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी

जुन्नरच्या पश्चिमेला पाडळीजवळ तुळजा लेणी आहेत. एका लेण्यात पुढे तुळजाभवानीची स्थापना झाली, त्यावरून हे नाव पडले. येथले चैत्यगृह चक्क गोल आहे. मधे स्तूप, त्याभोवती १२ साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखे छत. असे चैत्यगृह फार दुर्मीळ आहे. नक्षी नाही, थाट नाही, पण प्रदक्षिणा घालताना मन शांत होते. एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर आम्ही तुळजा सांगू.

गावाच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर. येथे भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन गट आहेत. भूतलिंग गटातील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत हत्तींसह लक्ष्मी कोरली आहे. यवन चंदाचे दान ते हेच. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या दानाचा लेखही याच डोंगरात आहे. काही कामे अर्धवट राहिलेली दिसतात. छिन्नीचे घाव जसेच्या तसे आहेत. आमच्यातल्या गवंडीकाम करणाऱ्या बांधवांनी ते फार वेळ निरखून पाहिले.

शिवनेरी तर सर्वांना ठाऊक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात शिवनेरीही आहे. पण या गडाच्या कड्यांतही बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या छतावर रंगकामाचे अवशेष उरले आहेत. हे चैत्यगृह वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहस्थाने दिले आणि ते सर्व लोकांच्या हितासुखासाठी दिले असे कोरून ठेवले. कड्यातील अनेक लेण्यांच्या वाटा अवघड आहेत. मुलांना घेऊन तिकडे धाडस करू नये. पायऱ्यांच्या वाटेने गड पाहावा.

नाणेघाट

जुन्नर एवढे श्रीमंत का झाले, याचे उत्तर नाणेघाटात मिळते. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने वर येत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची मोजदाद आहे. भारतातील फार जुने आकडे या लेखात पाहायला मिळतात. वर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. पावसाळ्यात येथे धुके आणि गर्दी दोन्ही असतात. कड्याजवळ मुलांचा हात सोडू नये.

खोडद आणि आंबेगाव

नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड तबकड्या या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. शाळकरी मुलांना हे दाखवलेच पाहिजे. आत जाण्याचे दिवस आणि नियम आधी विचारून घ्यावेत.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. मुंबईतील हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि प्राणास मुकला. घोडेगावच्या पुढे घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला बाबू गेनूंचेच नाव दिले आहे. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. घरे-जमिनी गेलेल्यांत आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. पाणी सुंदर दिसते, पण काठावर उभे राहून ही गोष्टही मुलांना सांगावी.

जाणाऱ्यांसाठी सूचना

दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. पहिल्या दिवशी लेण्याद्री आणि तुळजा, दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी किंवा मानमोडी आणि मग नाणेघाट किंवा खोडद, असा बेत जमतो. लेण्यांत आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर करू नये आणि मोठ्याने ओरडू नये. मेणबत्ती-अगरबत्तीच्या धुराने जुने रंग काळवंडतात, म्हणून वंदना फुलांनी आणि शब्दांनी करावी. या भागात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे. अंधार पडण्याच्या आत मुक्कामी परत यावे. लेण्याद्रीला इतर भाविकांशी वाद घालू नये. आपण चैत्यगृहात बसून वंदना घ्यावी आणि कुणी विचारले तर शांतपणे माहिती सांगावी.

शेवटी एक विनंती. अनेक भिंतींवर येणाऱ्यांनी खिळ्याने आपली नावे कोरली आहेत, त्यांत आपल्या मुलांचीही नावे असतील. ज्या भिंतीवर सुलसदत्ताचे आणि आनंदाचे नाव आहे, तेथे नाव कोरण्याचा मान दान देणाऱ्यांचा आहे. आपण एक वही न्यावी, दात्यांची नावे त्यात लिहून आणावीत आणि पौर्णिमेला विहारात ती मोठ्याने वाचावीत. "आपले काय आहे तिथे?" असे विचारणाऱ्याला ती वही दाखवावी.