पुस्तक मिटवून सांग

आज पिकाचं नाही, अभ्यासाचं लिहितोय.

पोरगी अकरावी सायन्सला आहे. केमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत 25 पैकी 7 आले. "मला आर्ट्सला टाका" म्हणून दोन दिवस धड जेवली नाही. रागवायला तोंड उघडलं आणि माझाच निकाल आठवला.

कृषी पदविकेला असताना माती-खतांच्या विषयात मी नापास झालो होतो. अभ्यास केला नव्हता असं नाही. रात्र-रात्र वाचायचो, निम्मं पुस्तक अधोरेखित केलेलं. पान उघडं असलं की सगळं येतंय असं वाटायचं. पेपरात साधं गणित आलं: सोयाबीनला हेक्टरी 30:60:30 द्यायचंय, तर एकरी डीएपी, युरिया, पोटॅश किती? डीएपी म्हणजे 18:46:0 हे पाठ होतं. त्याचं पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. कोरं सोडून आलो. वडील काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "परत फी भरावी लागंल का?" फीसाठी शेळ्या विकल्या होत्या.

खोलीवरचा एक सिनियर म्हणाला, "वाचू नको. पुस्तक मिटव आन् मला शिकव." दोन वाक्यांत अडकलो. लय लाज वाटली. मग तसंच सुरू केलं. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल करायचं, आणि तीन-चार दिवसांनी तेवढंच परत. सुट्टीत गावी रात्रीची लाईट असायची. दारं धरता धरता तोंडी गणित करायचो. एकराला 12:24:12. स्फुरदाच्या 24 किलोला डीएपी 52 किलो. त्यातनंच नत्र नऊ किलोच्या वर येतं, राहिलेल्या अडीच किलोला युरिया साडेपाच-सहा किलो, पोटॅश 20 किलो. डीएपीतलं नत्र वजा करायचं मी चार रात्री विसरलो. (आजही डीएपीवर युरियाची अख्खी गोणी टाकणारे आहेतच की!) फेरपरीक्षेत पास झालो, काठावर का होईना.

पोरीला हे सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, व्हिडिओ बघितला की समजतं मला." म्हटलं, "मग मोबाईल पालथा ठेव आन् सांग." गप्प झाली.

धडा क्षारांचा होता, कोणता पाण्यात विरघळतो, कोणता खाली बसतो. मी दोन ग्लास घेतले. एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात 12:61:00, दोन्ही घट्टच कालवलेले. दोन्ही ग्लास निवळ. एकत्र ओतले आणि पाणी दुधासारखं झालं. "कॅल्शियम आन् फॉस्फेटची गाठ पडली. आपली ड्रिप चोक झाली ती अशीच," म्हटलं. ती चूक माझीच होती, एकाच टाकीत दोन्ही कालवलेलं.

समीकरण तिनं वही मिटवून लिहिलं. चुकलं. तीन दिवसांनी परत लिहिलं, थोडं कमी चुकलं. आता रोज संध्याकाळी गोठ्यात मी धारा काढतो आणि ती मला शिकवते. मला सगळं कळतं असं नाही, पण मधीच "का?" विचारलं की ती अडते, आणि मग तेवढंच जाऊन बघते.

दुसऱ्या चाचणीत 14 आले. आर्ट्सचं नाव अजून काढलेलं नाही. काल तिनंच मला विचारलं, "पप्पा, मग 12:61:00 मधलं अमोनियम कुठं गेलं?" मी पुस्तकाकडं हात नेला, तर तिनं ते ओढून घेतलं.