डब्यातला गेम

बाबा लहानपणी टीव्हीला जोडून खेळत, तसे गेम हातात मावणाऱ्या डब्यात बसवून त्यांना वाढदिवसाला द्यायचे मी दिवाळीच्या सुट्टीत ठरवले. साठवलेल्या पैशांतून रास्पबेरी पाय झीरो हा ६५ बाय ३० मिलिमीटरचा संगणक, छोटा स्क्रीन, बटणे आणि लिथियम बॅटरी आणली. खोका म्हणून माझा जुना प्लॅस्टिकचा डबा.

बॅटरी ३.७ व्होल्टची, झीरोला लागतात ५. मध्ये व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट लागते. घाईत मी त्याच्या लाल-काळ्या तारा उलट्या जोडल्या. धूर, जळका वास! झीरो अजून जोडला नव्हता, म्हणून वाचला. आईला सांगायला मला दोन दिवस लागले. “पैसे तुझेच होते,” एवढेच ती म्हणाली. ओरडली असती तर बरे वाटले असते.

नवीन सर्किट आणल्यावर आजोबा शेजारी बसले. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत. प्रत्येक सांधा मीटरने तपासल्याशिवाय त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली नाही. मला कंटाळा आला, पण स्क्रीन पहिल्याच वेळी उजळला.

“उडीचे बटण चुकीच्या बाजूला आहे,” म्हणत बाबा जेवण गार होईपर्यंत खेळले. आवाज मात्र नाही. झीरोला हेडफोनची खाचच नसते, हे मला डबा चिकटवल्यावर कळले.

– इयत्ता दहावी