वयोमानानं होतंच?

आमच्या गल्लीतल्या भिशीचा हिशेब वर्षानुवर्षं आईकडे. रुपयाचा फरक कधी पडला नाही. त्याच वहीत एका बाईचे पैसे तीनदा जमा झालेले दिसले, आणि वर ‘माझ्या हातचं आहे, चुकायचं नाही’ म्हणून आई हटून बसली. नातेवाइकांचं एकच पालुपद : वयोमानानं होतंच.

न्यूरॉलॉजिस्टनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. गोल झकास काढला. बाराही आकडे लिहिले, पण सगळे उजव्या अंगाला, दाटीवाटीनं. काटे नाहीतच. ‘झालं,’ म्हणत तिनं पेन ठेवलं आणि पदर सारखा केला.

डिमेन्शिया हा एकच आजार नव्हे, हे मला तिथे कळलं. ताप मलेरियानंही येतो नि टायफॉइडनंही, तसंच हे. अल्झायमर सर्वांत जास्त, साधारण ६० ते ७० टक्के. आईचं दुखणं निराळं निघालं. एमआरआयमध्ये बारीक बारीक झटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. बीपीची गोळी ती ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मधूनमधून सोडायची, त्याचा हा हिशेब. शिवाय रक्तात बी-१२ फारच कमी. इंजेक्शनं सुरू झाल्यावर पायांच्या मुंग्या कमी झाल्या, दिवसभराची गुंगीही उतरली. आकडेमोड मात्र परत आली नाही.

थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, इतकंच काय, काही झोपेच्या गोळ्यासुद्धा असाच विसराळूपणा आणतात, आणि यांवर उपाय असतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये धोक्याची १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज. त्यात बीपी, मधुमेह आहेच. पण कमी ऐकू येणंही आहे. आईनं कानाचं मशीन कधी लावू दिलं नाही, लोक म्हातारी म्हणतील म्हणून. चष्म्याची लाज नाही, मग मशीनचीच का?

घरात कुणाचा पैशांत घोळ होऊ लागला, तेच तेच विचारणं सुरू झालं, तर स्मरणशक्तीची टॉनिकं आणत बसू नका. चालू गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, बी-१२ आणि थायरॉइड तपासा, कानही दाखवा. आणि बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका.