शिरूरच्या फडापासून माणिकडोहपर्यंत

पुणे-अहिल्यानगर रस्ता आपल्या समाजबांधवांना पाठ आहे. १ जानेवारीला लाखो पावले या रस्त्याने विजयस्तंभाकडे चालत येतात. १८१८ च्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या शूरांना १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथेच येऊन अभिवादन केले. भीमेवरचा पूल ओलांडला की कोरेगाव भीमा लागते आणि शिरूर तालुका सुरू होतो. आपण मात्र मानवंदना देऊन बहुधा तेथूनच मागे फिरतो. पुढचा तालुका कसा आहे, तेथे कोण राबते, कोण कशाला भिते, हे पाहायचे राहून जाते. या थंडीत शनिवार-रविवार जोडून आम्ही चार कार्यकर्ते मुद्दाम पुढे गेलो.

शिक्रापूर आणि रांजणगावचे कारखाने मागे टाकले की घोडनदीकाठचे शिरूर येते. जुनी माणसे या गावालाच घोडनदी म्हणतात. तेथून वायव्येला वळले की तालुक्याचा ‘बेट भाग’ लागतो. एका अंगाला घोड, दुसऱ्या अंगाला कुकडी आणि मध्ये टाकळी हाजी, कवठे येमाई, जांबुत, पिंपरखेड ही गावे. टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेले रांजणखळगे आहेत. ते पाहायला पर्यटक येतात. आम्हीही पाहिले. पण आम्ही आलो होतो ते उसासाठी आणि उसात राहणाऱ्या जीवांसाठी.

हा भाग पूर्वी कोरडवाहू होता. बाजरी, हुलगा, मटकी यावर लोक दिवस काढीत. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले आणि माळाचा मळा झाला. पाण्यापाठोपाठ ऊस आला आणि उसापाठोपाठ बिबट्या. यात नवल काहीच नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. आत सावली, गारवा आणि आडोसा. बांधाला पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबट्याला याहून अधिक काय हवे? मादी उसात विते, पिल्ले उसातच डोळे उघडतात. त्या पिल्लांना सह्याद्रीचे रान ठाऊकच नसते. त्यांच्या लेखी ऊस हेच जंगल. आता तो भीमेच्या काठाने दौंड तालुक्यातल्या उसापर्यंतही पोचला आहे.

मग ऊसतोडीचा हंगाम येतो. बीड, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. आम्ही एका फडाच्या कडेला थांबलो. पाचटाने शाकारलेल्या कोप्यांची रांग होती. एका कोपीत आतल्या बाजूला बाबासाहेबांची तसबीर टांगलेली दिसली आणि आमचे पाय तेथेच थबकले. ‘जय भीम’ झाले, चहा झाला. कोपीतल्या मावशींना आम्ही विचारले, बिबट्याची भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, “वाटती की दादा. पर लेकराला ठिवावं कुठं? संगं न्यावं तर फडात त्यो, कोपीत ठिवावं तर हितं बी त्योच. दार कुठंय कोपीला?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कोपीला दार नसते हे आम्हांला डोळ्यांना दिसत होते, पण त्याचा अर्थ त्या बोलल्या तेव्हा कळला.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच पिंपरखेड-जांबुत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यात दोन लहान मुले होती आणि एक वृद्ध माता. लोकांचा संयम सुटला. वन विभागाची गाडी जळाली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. शेवटी नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांनी गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधले होते. बिबट्या मान धरतो, म्हणून. मेंढपाळ आपल्या कुत्र्याला जो काटेरी पट्टा बांधतो, तो माणसाने स्वतःच्या गळ्यात घालायचा! याची लाज त्या माणसाने बाळगायची की त्याच्यावर ही पाळी आणणाऱ्या व्यवस्थेने?

हे आधी सांगितले, कारण पुढे आम्ही बिबट्याच्या शुश्रूषेविषयी लिहिणार आहोत. माणसाचे दुःख झाकून ठेवून प्राण्याच्या दयेची गोष्ट सांगणे हे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

बेट भागातून नारायणगावमार्गे आम्ही जुन्नर गाठले. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वन विभाग होतो. जुन्नरजवळ माणिकडोह धरणाच्या परिसरात बिबट्या निवारा केंद्र आहे. राज्याचा वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही स्वयंसेवी संस्था मिळून ते चालवतात. हे प्राणिसंग्रहालय नव्हे. तिकीट काढून, पोराला खांद्यावर बसवून वाघ दाखवायची ही जागा नाही. जखमी, आजारी, आईपासून तुटलेल्या बिबट्यांचे ते रुग्णालय आहे, आणि ज्यांना परत सोडता येत नाही त्यांचा जन्मभराचा आसरा आहे. आम्ही फाटकाच्या बाहेरूनच नमस्कार केला. आजाऱ्याच्या खोलीत गर्दी करू नये, एवढे आपल्याला कळायला हवे.

येथले काम कसे चालते, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

ऊस तुटत येतो आणि शेवटच्या सरींत मांजराएवढी दोन-तीन पिल्ले सापडतात. बघणाऱ्याला वाटते, आई टाकून गेली. पण आईने टाकलेले नसते. ती कोयत्यांच्या आवाजाने बाजूच्या फडात सरकलेली असते आणि रात्रीची वाट पाहत असते. जाणकार मजूर अशा वेळी पिल्लांना हात लावत नाहीत, तोड थांबवून वन विभागाला कळवतात. पशुवैद्य येऊन पिल्ले तपासतात, जखम असेल तर औषध करतात, ओळख पटावी म्हणून कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात. मग संध्याकाळी, जेथे पिल्ले सापडली त्याच जागी, ती उघड्या खोक्यात ठेवतात. आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा लावतात आणि सर्वांना दूर हटवतात. अंधार पडला की मादी येते, खोके हुंगते, एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या शिवारांत अशी कितीतरी पिल्ले आईच्या कुशीत परत गेली आहेत.

ही केवळ माया नाही, यात शहाणपणही आहे. पिल्लू नाहीसे झालेली मादी बिथरते, वस्तीभोवती घिरट्या घालते. म्हणजे पिल्लू परत देणे हे कोपीतल्या लेकराचेही संरक्षण आहे. उलट कोणी हौसेने पिल्लू घरी नेले, दूध पाजले, फोटो काढले, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा होतोच, शिवाय त्या पिल्लाचाही जन्म वाया जातो. आई त्याला दीड-दोन वर्षे शिकार शिकवते. माणसाच्या हातावर वाढलेले पिल्लू ना शिकार शिकते, ना माणसाला भिते. मग त्याला उरते फक्त पिंजऱ्यातले आयुष्य.

दुसरा नेहमीचा अपघात विहिरीचा. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या पडतो आणि सकाळपर्यंत पोहून पोहून थकतो. अशा वेळी आधी चार दोऱ्यांना बांधलेली बाज किंवा फळी पाण्यात सोडतात. तो तीवर चढून दम खातो. मग उघड्या दाराचा पिंजरा खाली उतरवतात. आत शिरला की दार पडते. सर्वांत अवघड काम पिंजऱ्याचे नसते, काठावरची गर्दी आवरण्याचे असते.

माणिकडोहच्या मागे एक चुकीचा धडाही आहे. २००१ पासून दोन-तीन वर्षे जुन्नर भागात हल्ले फार वाढले, तेव्हा बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की अशा सोडण्याने हल्ले थांबले नाहीत, उलट जेथे सोडले त्या भागांत वाढले. आपले क्षेत्र हरवलेला प्राणी अनोळखी मुलखात सैरभैर होतो. एका गावची पीडा उचलून दुसऱ्या गावात टाकणे म्हणजे न्याय नव्हे.

जगातही असेच अनुभव आहेत. ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारी येथे कोआला या झाडावर राहणाऱ्या प्राण्यासाठी १९७३ पासून रुग्णालय आहे आणि त्याचा बराच भार स्वयंसेवक उचलतात. २०१९-२० च्या वणव्यांत होरपळलेले कोआला तेथे आणले गेले. त्या देशात रस्त्यावर कांगारूची मादी मरून पडलेली दिसली तर जाणकार माणसे थांबून तिची पिशवी तपासतात. आत जिवंत पिल्लू असू शकते. ते कापडी पिशवीत ऊब देऊन वाढवतात. आपल्याकडे पुण्यात ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’ ही संस्था २००७ पासून जखमी प्राण्यांसाठी झटते आहे. देश वेगळा, प्राणी वेगळा, पण थांबून पाहणारा माणूस एकच.

जुन्नरला जाऊन लेणी न पाहता परतणे आम्हांला शक्यच नव्हते. तुळजा लेण्यातले बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह, मानमोडीची लेणी, लेण्याद्रीचे विहार, हा सारा आपला वारसा. जुन्नरच्या एका शिलालेखात नोंद आहे की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. राजाने नव्हे, कष्टकरी-व्यापारी लोकांनी वर्गणी काढून. सम्राट अशोकांनीही आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशा दोन्ही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. दोन्ही एकाच वाक्यात. एकाला वगळून दुसरे नाही.

लेण्याच्या पायरीवर बसून आमच्यात वाद झाला. एक सहकारी म्हणाले, “माणसे मरत असता बिबट्याला औषधपाणी कसले? आपल्या वस्त्यांना दवाखाना मिळत नाही!” राग खोटा नव्हता. तेव्हा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातला प्रसंग आठवला. बाणाने जखमी झालेल्या पक्ष्यावर देवदत्ताने हक्क सांगितला, तेव्हा सिद्धार्थाने उत्तर दिले की मालकी मारणाऱ्याची नसते, रक्षण करणाऱ्याची असते. पण त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे त्यांनी तत्त्व मानले, आंधळा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विवेक करायला मोकळे ठेवते.

या कसोटीवर पाहिले तर शिरूरचे कोडे बरेचसे सुटते. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला कायद्याने, अधिकाऱ्याच्या आदेशाने गोळी घालावी लागली, ती गरज. तिचा आनंद मानण्याचे कारण नाही. पण दिसेल त्या पिल्लाला दगड घालणे, विहिरीतल्या जीवावर काठ्या चालवणे, ही इच्छा. ती धम्मात बसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आपणही दिले आहे. आणि पिंजऱ्यांची संख्या वाढवत नेणे हीही करुणेची पूर्तता नव्हे. जन्मभर कोंडलेला जीव वाचला खरा, पण सुटला नाही.

मग करायचे काय? मृत्यूनंतर सरकार वारसांना २५ लाख रुपये देते, पण मृत्यूआधी कोपीला पत्र्याचे दार द्यायला किती लागतात? फडाशेजारी मजुरांसाठी बंदिस्त निवारा, उजेड, शौचालय आणि लेकरांसाठी पाळणाघर हे कारखान्यांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. शेतकऱ्याला शेतीची वीज दिवसा मिळाली तर त्याला रात्री पाणी द्यायला उसात शिरावे लागणार नाही. विहिरींना कठडे हवेत. आणि आपण समाज म्हणून एवढे तरी करू शकतो: बुद्धविहारात रविवारी मुले जमतात, त्यांना सांगावे की पिल्लू दिसले तर उचलायचे नाही, ओणवे होऊन बसायचे नाही, अंधारात एकट्याने जायचे नाही, आणि मोठ्यांनी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे.

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा त्या फडापाशी थांबलो. ऊस तुटून गेला होता, कोप्या मोडल्या होत्या, टोळी पुढच्या गावाला निघाली होती. मोकळ्या रानात चुलींची राख तेवढी होती. पुढच्या फडातही कोपीला दार नसणार, आणि त्या फडातही कुठल्याशा सरीत एखादी मादी आपली पिल्ले चाटीत बसली असणार. दोन्ही आया बेघर. वर्षातून एकदा एकीचा निवारा दुसरीच्या हातच्या कोयत्याने पडतो, आणि त्या उसाची साखर मात्र आपल्या चहात येते. येत्या १ जानेवारीला मानवंदना दिल्यावर थोडे पुढे चला, बांधवांनो. एखाद्या कोपीत बसा, विचारपूस करा, आणि दाराची मागणी त्यांच्या बरोबरीने करा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!