सलाईनच्या आधी

आपल्याकडे कुणाचं मूल ॲडमिट झालं की भेटायला जायची पद्धत आहे. शहाळं, चार सफरचंदं, उशीखाली शंभराची नोट. "काय झालं हो?" विचारलं की पावसाळ्यात उत्तर बहुतेक ठरलेलं, "जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, सलाईन लावलीय." आपण हळहळतो. पण हे पोर इथवर यायलाच हवं होतं का, हे कुणी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली दीड वर्षाची एक नात अशीच तीन दिवस खाटेवर होती. घरात आधी दोन दिवस जुलाब चालले होते. "पोटाला विश्रांती हवी," म्हणून आजीने दूध तोडलं, पाणीही घोटघोटच दिलं. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात. पोर वाचली. सुनेच्या बांगड्या मात्र गहाण पडल्या. आजीला काय बोलणार? तिच्या सासूने तिला हेच शिकवलं होतं. आणि सरकारी आरोग्य केंद्र? ते दहा मिनिटांवर होतं. "तिथं आपल्यातलं कोण जातं?"

तिथं ओआरएसची पुडी मिळते. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खी पुडी, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्याने. अंगावरचं दूध चालूच. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंकची 20 मिलीग्रॅमची गोळी रोज, 14 दिवस. एवढंच. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपं भरून मीठ-साखरेचं पाणी ठेवलं. पाजायला नातेवाईकच होते. शंभरात तीसच्या आसपास दगावणारे रोगी चारच्या आत आले.

न्यूमोनियाचंही तसंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना तान्ह्यांचा श्वास मोजायला शिकवलं. अक्षर न येणाऱ्या दायांसाठी मणी सरकवायचं साधन केलं. वर्षाच्या आतल्या, दोन महिन्यांवरच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असेल, तर ती धोक्याची खूण. मोजायला घड्याळ आणि शांत बसलेलं एक माणूस पुरतं.

आपण पाणी गाळून पिणारी माणसं. फडक्यातून गाळताना सूक्ष्म जिवांचाही विचार करतो. पण जुलाबाचे जंतू फडक्याला अडत नाहीत, त्यांना उकळीच लागते. ज्या घरात उकळलेलं पाणी नेमानं पितात, तिथं आपला आचार आणि बाळाचं पोट, दोन्ही राखलं जातं.

आपल्या समाजात दवाखान्यासाठी दान कमी नाही. आजोबांच्या नावाची खोली, आईच्या नावाचं यंत्र, संगमरवरी पाटी. छान आहे. पण उपकेंद्रात झिंकच्या गोळ्या संपल्यात का, आशाताईचं मानधन किती महिने थकलंय, याची चौकशी महिला मंडळाच्या सभेत कधी झाली? गोळ्यांवर पाटी लागत नाही ना!

बायांनो, पर्युषणाच्या सभेत यंदा दहा मिनिटं काढा. आशाताईला बोलवा, मानाने पाटावर बसवा, पुडी कालवून दाखवायला सांगा. आज्यांना पुढच्या रांगेत बसवा. घरात तोंडी हुकूम त्यांचाच चालतो.