जवसाच्या चटणीची डबी

विषमज्वरातून उठताना पथ्याच्या पातळ वरणाची वाटी हाती आली आणि वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांनी मला पत्र्याच्या पेटीसह वर्ध्याच्या ज्या वसतिगृहात पोचते केले, तेथील पंगत अकस्मात डोळ्यांपुढे उभी राहिली. वरण तेथेही असेच, तळ दिसावा इतके पातळ. हिरवी भाजी क्वचितच. पोट भरे, परंतु तृप्ती मात्र पेटीच्या तळाशी, आईने दिलेल्या जवसाच्या चटणीच्या डबीत असे. सुटीला किती दिवस उरले याचा हिशेब मी ती चटणी बोटाने सपाट करून मांडीत असे आणि ती संपल्यावरही झाकण उघडून वास घेत असे.

तेथून पाचेक मैलांवर, सेवाग्रामात, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून उगवलेल्या नयी तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिक्षण देणाऱ्या, शाळेत, आशादेवी व आर्यनायकम या शिक्षक दांपत्याच्या देखरेखीखाली मुले भाजीपाला पिकवीत, स्वयंपाक करीत आणि त्यातूनच आहारशास्त्र व जमाखर्च शिकत, हे मला फार उशिरा कळले. स्वतः निवडलेल्या धान्याची भाकरी घरापासून दूरच्या मुलाला परकी वाटत नसावी, असे मला आजारपणात वारंवार वाटले.

घरच्यांसाठी किती चटणी उरवून आई ती डबी भरीत असे, हे मी तिला कधीच विचारले नाही.

ज्यांच्या हाती आज वसतिगृहांचा मुदपाकखाना आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी मुलांच्याच पंगतीत बसून, त्यांच्याच ताटातले जेवावे, एवढी माझी विनंती आहे.