लग्न नको, हक्क हवेत

प्रिय मुक्ता,

तू आणि टॉम लग्न न करता राहता, यावरून ताईने परवा पुन्हा विषय काढला. तिला लोकांची काळजी. मला कायद्याची आहे. वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की कायदा आपोआप नवरा-बायको मानतो, असं तिकडे पुष्कळांना वाटतं. इंग्लंडमध्ये तसा कायदाच नाही. मृत्युपत्र नसेल तर वारसदारांच्या यादीत जोडीदाराचं नाव नसतं. वारसा करात नवरा-बायकोला मिळणारी माफीही त्याला नाही.

म्हणून रिबेका स्टाइनफेल्ड आणि चार्ल्स कीडन या जोडप्याबद्दल लिहिते आहे. लग्नसंस्थेने बाईला मालमत्ता मानलं, त्या परंपरेत त्यांना शिरायचं नव्हतं. बरोबरीच्या नात्याला कायद्याचं संरक्षण मात्र हवं होतं. २०१४ साली ते सिव्हिल पार्टनरशिपसाठी, म्हणजे लग्नाशिवाय नात्याची कायदेशीर नोंद करायला, लंडनच्या चेल्सीतल्या नोंदणी कार्यालयात गेले. नकार मिळाला. कारण, ते स्त्री-पुरुष होते! २००४ चा कायदा फक्त समलिंगी जोडप्यांसाठी होता, कारण तेव्हा त्यांना लग्नाची मुभा नव्हती. मार्च २०१४ पासून ती मिळाली. आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, स्त्री-पुरुषांना मात्र एकच.

दोघं हायकोर्टात हरले, २०१७ मध्ये अपील कोर्टातही हरले, तेही दोन विरुद्ध एक मताने. पार्टनरशिप किती जोडपी घेतात ते बघू, मग ती बंद करायची की सर्वांना द्यायची ते ठरवू, असं सरकारचं म्हणणं. या ‘थांबा, बघू’ची मला फार चीड येते. आकडे जमेपर्यंत ज्यांचा जोडीदार गेला, त्यांनी काय करायचं?

२७ जून २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: ही विषमता सरकारनेच निर्माण केली आहे, ती चालू ठेवायला मुदत मागता येणार नाही. टिम लॉटन या खासदाराच्या खासगी विधेयकातून कायदा बदलला. ३१ डिसेंबर २०१९ रोजी इंग्लंड-वेल्समध्ये स्त्री-पुरुषांच्या पहिल्या नोंदण्या झाल्या. त्यांत हे दोघंही होते.

तुम्ही दोघं ब्रिटिश नागरिक, तेव्हा अशा नोंदणीसाठी नोटीस दिल्यावर साधारण २८ दिवस थांबायचं, मग साक्षीदारांसमोर सह्या. शपथ सक्तीची नाही. हक्क जवळपास लग्नाइतकेच. टॉमशी बोल.

आणि हो, आधी केलेलं मृत्युपत्र अशा नोंदणीने सहसा रद्द होतं. वकिलाला विचारून दोघांनीही ते नव्याने करा.

तुझी,
मावशी